जॅम बँडचा पहिला अल्बम: गाणं नेमकं किती लांब?

१९६८ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या ग्रेटफुल डेड या बँडने 'डार्क स्टार' नावाचं गाणं छोट्या तबकडीवर काढलं. लांबी पावणेतीन मिनिटं. तबकडी फारशी खपली नाही. पुढच्याच वर्षी, १९६९ च्या नोव्हेंबरात, याच बँडचा 'लाइव्ह/डेड' हा अल्बम आला. तो प्रत्यक्ष कार्यक्रमांत रेकॉर्ड केलेला होता. त्यात हेच गाणं २३ मिनिटांहून जास्त चालतं. एलपीची एक अख्खी बाजू त्याने व्यापली आहे. शब्द तेच, चाल तीच, माणसंही बहुतेक तीच. मग या दोहोंतलं खरं 'डार्क स्टार' कोणतं?

स्टुडिओत पाय ठेवणाऱ्या प्रत्येक जॅम बँडला, म्हणजे मंचावर एकेक गाणं सुचेल तसं लांबवत वाजवणाऱ्या बँडला, या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागतं. सध्या आमच्याकडे तो रोजचा विषय झालाय. कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यातली काही तरुण मुलं एकत्र वाजवतात. गिटार, बेस, कीबोर्ड, ड्रम्स आणि त्यांच्या जोडीला पखवाज. त्यांतल्या दोघांचा हात भजनात तयार झाला आहे. गणपतीत, जत्रेत, कुणाच्या हळदीच्या रात्री त्यांना बोलावणं असतं आणि रंगलं की एक गाणं वीस-वीस मिनिटं चालतं. आता त्यांना अल्बम करायचाय. त्यांच्याशी बोलताना लक्षात आलं की यातली खरी अडचण घरच्यांना, मित्रांना, पैसे देऊ म्हणणाऱ्यांनाही समजत नाही. "वाजवता तेच जाऊन रेकॉर्ड करा की," असं सगळे म्हणतात. ते तसं का होत नाही, हे इथे नीट सांगायचा प्रयत्न करतो.

जॅम बँड म्हणजे काय, हे सिंधुदुर्गातल्या माणसाला समजावणं सोपं आहे, कारण त्याने दशावतार पाहिलेला असतो. धयकाल्याच्या, म्हणजे दशावतारी नाटकाच्या, रात्री कलाकार तोंडाला रंग लावत बसलेले असतात, तेव्हा आज कोणतं आख्यान लावायचं, कुणी कुठला पार्ट करायचा, हे ठरतं. लिहिलेली संहिता नाही. कथा पक्की, प्रवेशांचा क्रम साधारण पक्का आणि संवाद मात्र उभ्या उभ्या सुचतील तसे. पेटी, पखवाज, झांज हेही त्याच क्षणी कलाकाराच्या तोंडाकडे बघून वाजवायचं. राजपार्टवाला, म्हणजे राजाचं काम करणारा, लांबवायला लागला की पखवाजवाला त्याला उचलून धरतो, आणि आता आवरायला हवं हे पेटीवाल्याच्या एका सुरावरून सगळ्यांना कळतं. जॅम बँडचं तसंच. गाण्याची चाल, कडवी, ठेका हे बसवलेलं असतं. त्यातल्या एखाद्या जागी दार उघडं ठेवलेलं असतं. तिथून बाहेर पडायचं, एकमेकांचं ऐकत जे सुचेल ते वाजवायचं आणि जमलं तर पुन्हा गाण्यात यायचं. ही परंपरा अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या मध्याला ग्रेटफुल डेडपासून धरतात. पुढे १९८३ साली व्हरमाँट विद्यापीठात सुरू झालेल्या फिशने ती फार लांबवर नेली. हल्लीच्या पिढीत २०१४ साली कनेक्टिकटमध्ये सुरू झालेला गूस आहे.

फिशच्या चाहत्यांनी जॅमचे दोन प्रकार मानले आहेत आणि ते ध्यानात ठेवले तर पुढचं सगळं सोपं जातं. टाइप वन म्हणजे गाण्याच्या कॉर्ड (एकत्र वाजणारे सुरांचे गुच्छ) आणि ठेका तोच ठेवून वर खेळणं. भजनात बुवा एकच चरण धरून दहा तऱ्हांनी फिरवतात आणि गजराला लय चढत जाते, पण चरण हातचा सुटत नाही, त्यातला हा प्रकार. टाइप टू म्हणजे गाणंच मागे सोडणं. कॉर्ड बदलल्या, लय बदलली, आपण मघाशी काय वाजवत होतो याची खूणही उरली नाही. हे दर वेळी जमत नाही. जमतं तेव्हा लोक त्या रात्रीची तारीख वर्षानुवर्षं सांगत राहतात. ग्रेटफुल डेडच्या चाहत्यांत ८ मे १९७७ ही कॉर्नेल विद्यापीठातल्या कार्यक्रमाची तारीख अशीच तोंडपाठ आहे.

आता स्टुडिओ. नेहमीच्या पद्धतीत एक-एक वाद्य वेगळं रेकॉर्ड करतात. आधी क्लिक लावायचा, म्हणजे हेडफोनमध्ये एकसारखी टिकटिक. त्यावर ड्रम्स, मग बेस, मग गिटार, मग पेटी, शेवटी आवाज. प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा असल्यामुळे चूक झाली तर तेवढ्याच जागी पंच करून, म्हणजे तेवढाच तुकडा पुन्हा वाजवून, ती सुधारता येते. चित्रपटगीताला, भावगीताला ही पद्धत उत्तम, कारण तिथे संगीतकाराने सगळं आधी लिहिलेलं असतं. जॅममध्ये गिटारवाल्याने काय वाजवायचं हे बेसवाल्याने आत्ताच काय वाजवलं यावर अवलंबून असतं. बेसवाला काल येऊन आपला ट्रॅक वाजवून घरी गेला असेल, तर आज गिटारवाला त्याला उत्तर देऊ शकेल, पण तो उलट उत्तर देणार नाही. संवाद एकतर्फी होतो. क्लिकमुळे लय जागची हलत नाही, आणि जॅमचा अर्धा जीव लय हळूच चढण्यात आणि सैल पडण्यात असतो.

"गाणा बरा झाला, पण आमचा वाटणा नाय," असं आमच्या कुडाळच्या मुलांतला पखवाजवाला, याच पद्धतीने करून पाहिलेला पहिला टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) ऐकून म्हणाला. मला त्याचं म्हणणं तंतोतंत पटलं. सगळं जागच्या जागी होतं. कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं.

पखवाजाची तर वेगळीच गोष्ट. त्याच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, त्यावर तो खर्ज घुमतो. उघड्यावर, देवळाच्या मंडपात, कणीक सुकायला लागली की वाजवणारा बोट ओलं करून ती चेपतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. एसीच्या खोलीत ती भराभर सुकते. पहिल्या टेकचा 'धा' आणि पाचव्या टेकचा 'धा' यांत फरक पडतो. दोन टेक जोडायचे म्हटले की तो सांधा लगेच कानाला लागतो. रेकॉर्डिंग करणारा पोरगा हुशार होता. त्याने डाव्या तोंडाचा माइक हातभर लांब नेला आणि दर टेकच्या आधी कणीक काढून नव्याने लावायला सांगितली. त्यात वेळ गेला, पण आवाज एकसारखा झाला. उजव्या बाजूला गट्ट्यांवर, म्हणजे वाद्या ताणणाऱ्या लाकडी ठोकळ्यांवर, हातोडी मारून सूर पुन्हा लावावा लागला, तो वेळ आणखी वेगळा. स्टुडिओचं भाडं ताशी असतं, तेव्हा अशी प्रत्येक गोष्ट खिशाशी येते.

सगळे एका खोलीत बसून एकत्र का वाजवत नाहीत, असं कुणीही विचारेल. वाजवता येतं, आणि माझ्या मते जॅम बँडने तेच करावं. पण त्याची किंमत मोजावी लागते. ड्रम्सचा आवाज पखवाजाच्या माइकात शिरतो, गिटारचा आवाज गाणाऱ्याच्या. याला लीकेज म्हणतात. लीकेज असलं की एकाची चूक एकट्याची राहत नाही. गिटारवाल्याने चुकीचा सूर लावला तर तो सगळ्यांच्या ट्रॅकवर उतरलेला असतो, त्यामुळे पुसता येत नाही. अख्खं गाणं पुन्हा वाजवावं लागतं, किंवा ती चूक तशीच ठेवावी लागते. म्हणून एकत्र रेकॉर्ड करणाऱ्या बँडने आधी घरी खूप वाजवून यावं लागतं.

पैशाचं गणित मोठमोठ्यांनाही चुकलं आहे. १९६९ साली ग्रेटफुल डेडने 'ऑक्सोमोक्सोआ' हा अल्बम केला. तेव्हा १६ ट्रॅकचं यंत्र नुकतंच आलं होतं. आधी केलेलं बरंचसं काम बाजूला ठेवून त्यांनी या नव्या यंत्रावर ते पुन्हा रेकॉर्ड केलं. महिने गेले आणि रेकॉर्ड कंपनीचं मोठं कर्ज अंगावर आलं. पुढच्या वर्षी त्यांनी नेमकं उलट केलं. गाणी आधी बसवली, तालमी केल्या आणि मग स्टुडिओत जाऊन थोड्या दिवसांत 'वर्किंगमन्स डेड' उरकला. त्याच वर्षी, १९७० मध्येच, 'अमेरिकन ब्यूटी' आला. या दोन अल्बमांत लांबलचक जॅम नाहीत. चार-पाच मिनिटांची, नीट कडवी असलेली, एकत्र गाता येतील अशी गाणी आहेत. हा बँड मैफलीत तासन्तास भटकायचा. पण घराघरांत पोचले ते हे दोन अल्बम.

लांब गाण्याला छोट्या डब्यात बसवायचा पेच आपल्याला नवा नाही. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण साडेतीन मिनिटं मावायची. ख्यालगायकाला तासाभराचा राग तेवढ्यात मांडावा लागे. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर मैफलीत एकेक राग किती वेळ उलगडत असतील, ते जयपूर-अत्रौली गायकी ऐकणाऱ्यांना सांगायला नको. त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी अवघ्या साडेतीन मिनिटांची. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर हीच भैरवी आहे. ती ऐकली की मैफल कापून छोटी केलीय असं वाटत नाही. साडेतीन मिनिटांत काय घ्यायचं आणि काय सोडायचं याचा निर्णय त्या बाईंनी गाताना केलेला ऐकू येतो. मुलांना मी ती रेकॉर्ड पहिली ऐकवली.

आज जागेचं बंधन नाही. फोनवर तासाचं गाणंही चढवता येतं. पण बंधन दुसऱ्या बाजूने आलंय. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं गेलं की एक वेळ ऐकलं असं धरतात. त्यापुढे गाणं तीन मिनिटांचं असो वा तेवीस, मोजणी एकच. अर्थात सात छोटी गाणी करणाऱ्याची मोजणी सात वेळा होते आणि एक लांब गाणं करणाऱ्याची एकदा. कुणी सक्ती केलेली नाही, तरी हिशेब हळूहळू गाण्याची लांबी ठरवायला लागतो. तरुण बँडने हे माहीत असू द्यावं, आणि मग आपल्याला काय हवं ते करावं.

आजवरच्या बँडांनी या पेचातून वेगवेगळ्या वाटा काढल्या. सगळ्यांत सरळ वाट म्हणजे स्टुडिओचा नाद सोडून कार्यक्रमच अल्बम म्हणून काढणं. ऑलमन ब्रदर्स बँडचे पहिले दोन स्टुडिओ अल्बम बेताचेच खपले. १९७१ च्या मार्चमध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये कार्यक्रम रेकॉर्ड केले आणि त्यातून आलेल्या अल्बमने त्यांचं नाव झालं. १९६९ च्या पहिल्या अल्बमात 'व्हिपिंग पोस्ट' पाच मिनिटांचं होतं, या अल्बमात ते तब्बल २३ मिनिटं चालतं. पण दोन वर्षं रोज वाजवून घासलेला तो बँड होता. कालच्या बँडने पहिलाच अल्बम असा काढला तर त्याचं कच्चेपण तेवढं जगासमोर येईल.

कात्री ही दुसरी वाट. जॅझमधल्या माइल्स डेव्हिसने १९६९ च्या ऑगस्टमध्ये वादकांना स्टुडिओत एकत्र बसवून लांबच लांब वाजवून घेतलं. मग निर्माता टिओ मासेरोने त्या टेप कापून, जोडून 'बिचेस ब्रू' उभा केला. तो १९७० मध्ये आला. फिशनेही १९९८ च्या 'द स्टोरी ऑफ द घोस्ट'साठी आधी तासन्तास जॅम रेकॉर्ड केले आणि त्यातल्या चांगल्या तुकड्यांतून गाणी घडवली. ग्रेटफुल डेडने तर १९६८ च्या 'अँथम ऑफ द सन'मध्ये कार्यक्रमांच्या टेप आणि स्टुडिओतलं काम एकमेकांत मिसळून टाकलं होतं. ही वाट मला फार आवडते, पण तिला कात्री चालवणारा कान लागतो, आणि असा कान बँडमधल्या कुणाचा सहसा नसतो. आपणच वाजवलेलं आपल्याच हाताने कापवत नाही.

मला सगळ्यांत जास्त शिकण्यासारखी वाटते ती 'इन द डार्क'ची हकिगत. १९८७ चा हा अल्बम करताना ग्रेटफुल डेडने स्टुडिओऐवजी सॅन राफेलमधलं एक रिकामं सभागृह घेतलं. नेहमीच्या मंचावर नेहमीसारखे उभे राहिले आणि समोर एकही प्रेक्षक नसताना कार्यक्रमासारखं वाजवून मूळ रेकॉर्डिंग केलं. त्यातलं 'टच ऑफ ग्रे' बिलबोर्डच्या यादीत नवव्या क्रमांकावर गेलं. वीसेक वर्षांच्या वाटचालीत पहिल्या दहात गेलेलं त्यांचं हे एकमेव गाणं. लोक सभागृहाची गोष्ट सांगतात, पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. हे गाणं ते १९८२ पासून लोकांपुढे वाजवत होते. पाच वर्षं. कुठे श्वास घ्यायचा, कुठल्या ओळीला लोक आवाज मिळवतात, कुठलं कडवं जड होतं, हे सगळं मंचावर आधीच ठरून गेलं होतं. रेकॉर्डिंगच्या वेळी शोधायचं काही शिल्लक नव्हतं.

इथे मी माझ्या मुद्द्यावर येतो. जॅम बँडचा स्टुडिओ अल्बम हा त्यांच्या मैफलीचा नमुना असायला हवा, असं बहुतेक जण समजतात. तसा तो झाला नाही की "स्टुडिओत मजा नाही आली" म्हणतात. मला वाटतं अल्बमचं काम निराळं आहे. दशावतारात संवाद कितीही भटकले तरी समोरची म्हातारी हरवत नाही, कारण कथा तिला लहानपणापासून पाठ आहे. नट वाट सोडून कुठे गेला आणि कुठल्या शब्दाला परत आला, हे तिला कळतं, म्हणून ती हसते, म्हणून पहाटेपर्यंत बसते. भजनाच्या डबल बारीतही, म्हणजे दोन बुवांच्या जुगलबंदीतही, असंच. अभंग सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणूनच बुवांनी केलेल्या नव्या जागेला दाद मिळते. नव्या बँडच्या गाठीला यातलं काहीच नसतं. त्यांचं गाणं कुणालाही पाठ नाही. ते पहिल्या मिनिटाला गाण्यातून बाहेर पडले काय आणि आठव्या मिनिटाला परत आले काय, ऐकणाऱ्याला दोन्ही सारखंच. ऐकणाऱ्याला गाणं पाठ करून देणं, हे अल्बमचं काम. चाल, कडवी, ठेका, ती ओळ जिच्यावर सगळे परत येतात, एवढं त्याच्या मनात पक्कं बसवायचं. एकदा ते बसलं की मैफलीत पंधरा मिनिटं कुठेही जा, तो तुमच्या परतण्याची वाट बघत बसेल.

फिशचा पहिला मोठा प्रयत्न पाहिला तर हे ध्यानात येतं. १९८९ साली त्यांनी 'जुंटा' ही कॅसेट स्वतःच काढली आणि कार्यक्रमांच्या ठिकाणी विकली. इलेक्ट्रा कंपनीने ती १९९२ मध्ये पुन्हा काढली, तोवर बँडला मोठी कंपनी मिळालेली होती. त्यातलं 'यू एन्जॉय मायसेल्फ' जवळजवळ दहा मिनिटांचं आहे, पण त्यातला मोठा भाग सुरावर सूर लिहून बसवलेला आहे. मैफलीत हे गाणं कधी वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त चालतं, आणि जिथे लिहिलेलं संपून मोकळं रान सुरू होतं ती जागा चाहत्यांना नेमकी माहीत असते. कॅसेटने ती शिकवली. लांब गाणं अल्बमात नको, असं मी म्हणत नाही. लांबीला घाट हवा.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती आमच्या मुलांच्या फार उपयोगाची आहे. अल्बमात भटकंती मावत नाही, म्हणून या बँडांनी ती बाहेर मोकळी सोडली. ग्रेटफुल डेडने १९८४ मध्ये प्रेक्षकांतल्या रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखून ठेवली. विकायचं नाही एवढीच अट, आपापसांत टेप हव्या तेवढ्या वाटा. फिशनेही ही मुभा दिली. टेप हातोहात फिरल्या आणि प्रत्येक टेप पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात ठरली. पोट कार्यक्रमांच्या तिकिटांवर भरत होतं, म्हणून हे परवडलं. आपल्याकडे जत्रेतली नाटकं आणि डबल बाऱ्या लोक फोनवर रेकॉर्ड करून पाठवतच असतात. बँडने त्याला अटकाव करू नये. स्वतःच एक बरं यंत्र मिक्सरला जोडून दर कार्यक्रम साठवावा. वर्षभराने त्यातूनच कळेल की कुठलं गाणं मोठं व्हायला तयार आहे.

मुलांशी बोलून सध्या ठरलंय ते असं. या वर्षभरात लोकांपुढे वारंवार वाजवलेली गाणीच घ्यायची, स्टुडिओत नवं काही रचायचं नाही. ड्रम्स, बेस, गिटार, पखवाज एका खोलीत, एकमेकांचं तोंड दिसेल असे बसणार, क्लिक नाही. आवाज आणि कीबोर्ड मागाहून. बहुतेक गाणी पाच मिनिटांच्या आत आणि एकच लांब, तेही शेवटी. एका खोलीत वाजवायचं म्हणून स्टुडिओपेक्षा एखादं बंद हॉल भाड्याने घ्यावं का, यावर अजून वाद चाललाय. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाळ्यात नावच नको, त्यामुळे दिवाळीनंतरच. गाण्यांवर नावं कुणाची लावायची हेही त्यांनी आत्ताच लिहून ठेवावं, असा माझा आग्रह आहे. एकत्र सुचलेल्या चालीचा मालक कोण, हा वाद पैसे आल्यावर मिटत नाही.

ज्यांना हे सगळं कानाने पडताळून बघायचंय त्यांनी 'व्हिपिंग पोस्ट'पासून सुरुवात करावी. १९६९ ची पाच मिनिटांची आवृत्ती दोन-तीन दिवस येता-जाता लावा, सुरुवातीची बेसची ओळ गुणगुणता येईपर्यंत. मग १९७१ ची लावा. गाणं विरून, लय पार थांबल्यासारखी झाली की तीच बेसची ओळ तुमच्या डोक्यात चालू आहे का ते बघा.